छोटा दांडा

जळगावात दुपारी दोनच्या उन्हात उभ्या गाडीत बसायचं तर आधी स्टिअरिंगवर ओला फडका टाकावा लागतो. परवा तो फडका वाळेपर्यंत माझ्या जुन्या जीपमध्ये नुसतीच बसून होते, तेव्हा नजर गिअरकडे गेली. मोठ्या गिअरची मूठ घासून टकली झालेली, वरची एक-दोन-तीनची आकृती पार पुसलेली. शेजारी दोन छोटे दांडे आहेत, एक पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर जोडायचा आणि एक लो-हायचा, म्हणजे हळू पण जोरकस चाल की नेहमीची, ते ठरवायचा. त्यांच्या मुठींवरची अक्षरं मात्र स्वच्छ वाचता येतात. जुनी गाडी विकताना किलोमीटरचा काटा कुणीही मागे फिरवतं. मुठी बदलायचं काही कुणाच्या डोक्यात येत नाही.

म्हणजे ही जीपबाई जन्मभर मागच्या दोन चाकांवरच चालली.

महिंद्राची ५४०. प्यूजोचं २११२ सीसीचं इंजिन, इगतपुरीला बनलेलं. विकणारा नंदुरबारकडचा, पण पासिंग एमएच १८, कारण गाडी १९९८ च्या आधीची. तेव्हा नंदुरबार हा जिल्हाच नव्हता, सगळे कागद धुळ्याचे. घ्यायला गेले तेव्हा मिस्त्रींना बरोबर नेलं होतं. पैसे माझ्या पर्समध्ये, पण विकणारा बोलत होता तो मिस्त्रींशी. "गाडी एक नंबर शे भो, तेल खात नही!" मिस्त्रींनी उत्तर न देता बोनटवर तळहात ठेवला. गार होतं. बरं वाटलं त्यांना. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी गरम करून ठेवायची, म्हणजे सेल मारल्यामारल्या उठते, हा जुना खेळ. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचे दात बघणारे म्हातारे असतात ना, तसे आमचे मिस्त्री. गाडी चालू झाल्यावर त्यांनी ऑइलचं झाकण काढून तिथून धूर किती उसळतो ते पाहिलं. मग सायलेन्सरमागे जाऊन उभे राहिले. काळा धूर आला तर डिझेल जास्त पडतंय, नोझल-पंपाचं काम निघेल, ते परवडतं. निळा आला तर इंजिन ऑइल जाळतंय, ते नाही परवडत. आमचा किंचित काळा होता.

मग ते गाडीखाली शिरले आणि तिथूनच ओरडले, "पुढचा शाफ्ट कुठे आहे?"

"घरमा शे," मालक म्हणाला.

डिझेल जास्त लागतं म्हणून पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या चाकांपर्यंत जोर नेणारा लोखंडी दांडा, काढून ठेवायचा, ही आपल्याकडची सर्रास रीत. दांडे दोन्ही जागच्या जागी, पण जोडायला खाली काही नाही. तो शाफ्ट घरातही नव्हता. कांद्याच्या चाळीत, पत्र्याला टेकू म्हणून उभा होता. त्याच्या जागी बांबू लावून देईपर्यंत आम्हाला दोनदा चहा झाला. गाडी घेतली. पुढे क्रॉस बदलले, पाट्यांचे बुश बदलले, किंगपिन बदलले. पुनर्नोंदणीचं सांगत नाही. २०२२ च्या एप्रिलात तिची फी ६०० रुपयांवरून ५००० झाली, वर पर्यावरण कर, एवढं पुरे.

मला ही जीपच का हवी होती, असं घरात सगळ्यांनी विचारून झालंय. शहाद्याच्या मामांकडे जीप होती. महाशिवरात्रीला तोरणमाळच्या गोरखनाथाच्या यात्रेला तीच जायची. मागे समोरासमोरच्या बाकांवर मामी, मावश्या, शेजारणी, दशम्यांची गाठोडी. सात पायरीच्या घाटात ती हमखास एअर घ्यायची, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरून बंद पडायची. मामा बोनट उघडून, नट सैल करून हातपंप मारत बसायचे. नटातून आधी फेस यायचा. बुडबुडे थांबून नुसतं डिझेल यायला लागलं की नट आवळायचा. पण ते सगळं नंतर. गाडी थांबल्या क्षणी मागच्या फळीवरून उडी मारून चाकामागे सागाचा ठोकळा लावायचा, हे काम माझं. सगळ्यांत हलकी मी, म्हणून. मामेभाऊ तो ठोकळा मागायचे, मी देत नसे. गाडी परत चालू झाली की ठोकळा उचलून पळत पळत मागून चढायचं. आत बसलेल्या सगळ्या बायकांचा जीव आपल्या हातात आहे असं वाटायचं. हँडब्रेक नावाची वस्तू असते, हे फार पुढे कळलं. मामांच्या गाडीला ती होती की नव्हती, आता विचारायला मामाच नाहीत.

ते असो. छोटे दांडे मी महिन्यातून एकदा हलवते. न हलवता ठेवले की जाम होतात. घरच्यांच्या मते हा माझा उपास आहे. डांबरी रस्त्यावर मात्र नाही. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, आणि दोन्ही एक्सल एकत्र बांधलेले असले की गाडी अडखळते, टायर खरडतात. म्हणून बांभोरीच्या बाजूला गिरणेकाठच्या कच्च्या वाटेवर जाते. आधी पुढची चाकं जोडायची, मगच लो पडतो, उलटं केलं तर दांडा हलतच नाही. लोमध्ये गाडी इतकी हळू चालते की शेजारून जाणारी म्हैस पुढे जाते.

मागच्या महिन्यात धडगावकडे नर्स असलेली मैत्रीण आली होती, तिला हौसेने ही फेरी घडवली. "जळगावात तुला हे कशाला लागतं ग?" तिने विचारलं.

"असावं."

मग घरी चहा घेताना ती तिकडचं सांगत बसली. पावसाळ्यात पाड्यावरची बाई अडली की बांबूला झोळी बांधतात, चार जण खांद्यावर घेऊन डोंगर उतरतात, सडकेपर्यंत. गाडी त्यापुढे.

"माझी येईल की तिथे. चारही चाकं लावली तर?"

"चाकं टेकायला रस्ता नको का?" ती म्हणाली, आणि चहात साखर कमी आहे म्हणून डबा शोधायला उठली.