पिशवी फुगलीच नाही

आठ दिवसांची सहल छान झाली, फोटो टाकेन सवडीने. आज लिहायचंय ते परतीच्या विमानातल्या पंधरा मिनिटांबद्दल.

आईचा हा दुसराच विमानप्रवास. उड्डाणाआधी केबिन क्रू मास्क लावून दाखवत होते आणि आई शाळेत बसल्यासारखी बघत होती. मी मोबाइलमध्ये. "अगं, बघ तरी!" "आई, असलं काही होत नसतं."

तासाभराने कानांना दडे बसले. मी आवंढे गिळतेय तोवर डोक्यावरची झाकणं खटाखट उघडली आणि पिवळे मास्क नळ्यांना लोंबकळायला लागले. पुढच्या रांगेतल्या एकाने मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं, मास्क तसाच नाकासमोर झुलतोय! ३५,००० फुटांवर केबिनमधली हवा पार निघून गेली तर अर्ध्या-एक मिनिटात माणसाला काही सुचेनासं होतं. आमची हळूहळू जात होती, हे त्याचं नशीब.

मी आधी आईचा मास्क धरला. तिने हातावर फटका मारला. "आधी तुझा!"

लावला. हवाच येईना. येणार कुठून? मास्क खाली ओढल्याशिवाय ऑक्सिजन सुरूच होत नाही. आईने हात लांबवून माझी नळी खस्सकन ओढली आणि तोंडावरचा मास्क नाकावर सरकवला. तरी मास्कखाली लटकणारी प्लास्टिकची पिशवी चपटीच. बिघडलाय म्हणून काढायला गेले, तर तिने मनगट धरून ठेवलं. त्यात जळका वास. आग लागली, असं मी ठरवूनच टाकलं. वरच्या डब्यात रासायनिक क्रियेतून ऑक्सिजन तयार होतो, डबा तापतो, त्याचा तो वास, हे नंतर क्रूमधल्या एकीने सांगितलं.

विमान झपाट्याने खाली निघालं होतं आणि कॉकपिटमधून चकार शब्द नाही. तेव्हा मी मनातल्या मनात पायलटला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बिचाऱ्याच्या तोंडावरही मास्क, आणि घाई १०,००० फुटांवर पोचायची. तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. आपला ऑक्सिजन साधारण १२ ते १५ मिनिटांचा, म्हणून ही घाई.

उतरलो भलत्याच विमानतळावर. सहा तास बसवून ठेवलं, धड उत्तर देणारं कुणी नाही. क्रूला शंभर मार्क, काउंटरवरच्यांना शून्य. तिथे बसून मी २००५ सालच्या ग्रीसमधल्या अपघाताबद्दल वाचलं: दाब राखणाऱ्या यंत्रणेचं बटण 'मॅन्युअल'वरच राहिलं, वैमानिकांची शुद्ध गेली, १२१ माणसं गेली. आईला सांगितलं नाही.

ती वेगळ्याच विचारात होती.

"तुझी पिशवी शेवटपर्यंत फुगलीच नाही ना?"

"नाही. पण ऑक्सिजन येत होता."

"माझी फुगत होती थोडी थोडी," ती म्हणाली. "तू धापा टाकत होतीस. भरणार कधी ती?"