अक्रात तीन दिवस, एन्क्रुमांच्या मागावर

भाचा तेमा बंदरात नोकरीला आहे, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये घानाला जाणं झालं. एरवी कोण उठून अक्राला जातंय!

अक्राचा इतिहास विमानतळाच्या पाटीपासूनच सुरू होतो. आम्ही उतरलो तेव्हा नाव होतं कोटोका. २४ फेब्रुवारी १९६६ ला घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांचं सरकार उलथवणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांपैकी हे एक. आणि शहराच्या ऐन मध्यात संगमरवरी समाधी आहे ती एन्क्रुमांची. भाच्याला यात काही विशेष वाटत नव्हतं. मला तेवढं कोडं तीन दिवस पुरलं.

समाधी सकाळी लवकर गाठा. जानेवारीत सहारातून हरमाटनचा वारा येतो, दुपारपर्यंत घसा धुळीने खरवडून निघतो. जागा आहे जुन्या पोलो मैदानाची. गोऱ्यांच्या खेळासाठी राखलेल्या त्याच मैदानावर ६ मार्च १९५७ च्या मध्यरात्री ब्रिटिशांच्या गोल्ड कोस्ट वसाहतीचा स्वतंत्र घाना झाला. सगळी आफ्रिका सुटल्याशिवाय आमच्या स्वातंत्र्याला अर्थ नाही, असं एन्क्रुमांनी तिथेच बजावलं. पुढच्याच वर्षी शेजारच्या टापूतल्या गिनीने फ्रान्सच्या छत्राखाली राहायला नकार दिला, फ्रेंच सगळं गुंडाळून निघून गेले, तेव्हा या नव्या देशाने गिनीला १ कोटी पौंडांचं कर्ज देऊ केलं. १९६६ मध्ये व्हिएतनामच्या तहाची बोलणी करायला एन्क्रुमा हनोईला निघाले होते. पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, पोचले आणि मागे खुर्ची गेली. आसरा दिला तो गिनीचे राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे यांनीच, तोही सहराष्ट्राध्यक्ष करून. १९७२ मध्ये बुखारेस्टला ते वारले, आणि देह गिनीची राजधानी कोनाक्री, मग जन्मगाव एन्क्रोफुल असा फिरत १९९२ मध्ये इथे आला. शेजारी इजिप्तच्या फातिया, त्यांच्या पत्नी.

समाधीपेक्षा मी जास्त रेंगाळलो तो डोकं उडवलेल्या पुतळ्यापाशी. बंडाच्या वेळी जमावाने तो पाडला. डोकं कुणीतरी जपून ठेवलं होतं, ते बऱ्याच वर्षांनी परत आलं. आता धड एका चौथऱ्यावर, डोकं दुसऱ्यावर. जोडलं नाही हे फार बरं केलं. परदेशी पाहुण्यांना तिकीट महाग पडतं, पण वाटाड्या जरूर घ्या. आमचा वाटाड्या बंडाबद्दल बोलताना आवाज खाली आणायचा.

तिथून ब्लॅक स्टार चौक जवळच आहे. फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढून आलेले सैनिक हक्काचे पैसे मागायला ओसूच्या किल्ल्याकडे, म्हणजे ब्रिटिश गव्हर्नरकडे, निघाले होते. वाटेत, या चौकाजवळच, गोळीबारात तिघे गेले आणि स्वातंत्र्याच्या चळवळीने पेट घेतला. किल्ल्याच्या आसपास आणि राष्ट्राध्यक्षांच्या ज्युबिली हाउसपाशी कॅमेरा खिशातच ठेवा. मी नुसता मोबाइल वर केला तर एका शिपायाने दहा मिनिटं तासलं.

हे ज्युबिली हाउस भारताच्या कर्जातून, मुंबईच्या शापूरजी पालनजीने बांधलं. २००८ मध्ये उद्घाटन झालं. सरकार बदललं तसं नाव फ्लॅगस्टाफ हाउस झालं, २०१८ मध्ये पुन्हा ज्युबिली. नावं बदलण्याची हौस आपल्यालाच आहे असं नाही. त्याच २०१८ च्या डिसेंबरात अक्रातल्याच लेगॉनच्या विद्यापीठातून गांधीजींचा पुतळा हटवला गेला. दक्षिण आफ्रिकेतल्या तरुण वयात काळ्या लोकांबद्दल त्यांनी लिहिलेलं तिथल्या प्राध्यापकांना खुपत होतं. टॅक्सीवाल्याने मला त्यावर छेडलं. उत्तराची तयारी करून जा, मी करून गेलो नव्हतो.

तिसरा दिवस एन्क्रुमांनी उभारलेल्या अकोसोम्बो धरणाला द्या, अक्रापासून साधारण १०० किलोमीटर. गाडी भाड्याने ठरवा, भाव आधी. एन्क्रुमांना सोव्हिएत संघाने लेनिन शांतता पुरस्कार दिला, पण धरणाला बाहेरचा पैसा अमेरिका, ब्रिटन आणि जागतिक बँकेचा, आणि विजेचा मोठा वाटा अमेरिकी कंपनीच्या तेमातल्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्याला. धरणापायी जवळजवळ ८० हजार माणसं विस्थापित झाली. जानेवारी १९६६ मध्ये उद्घाटन झालं, महिन्याभराने बंड. बंडवाल्यांनी रशियन-चिनी तज्ज्ञांना घरी पाठवलं आणि नाणेनिधीचं दार ठोठावलं. २०२३ मध्येही ३ अब्ज डॉलरसाठी तेच दार.

शाकाहाऱ्यांनी 'रेड-रेड' मागावं, म्हणजे चवळीची उसळ आणि तळलेली केळी, पण मासा नाही ना हे दोनदा विचारावं. 'वाचे' या भातासोबतच्या काळ्या चटणीत सुका मासा असतो. संध्याकाळी रस्त्यावर मिळणारी केलेवेले, म्हणजे तळलेल्या केळ्यांच्या मसालेदार फोडी, मात्र बिनधास्त खा.

पीतज्वराची लस जाण्याआधी किमान १० दिवस घ्यायला हवी, आणि ती फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. लस घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टात ठेवा, सामानात नको. अक्रात उतरताना बघतात, आणि परतताना मुंबईतही. माझ्या पुढच्या गृहस्थांची बॅग तिथेच, रांगेत, पूर्ण रिकामी झाली.