फरशी पुस्तकात कशी आली

आमच्या आमदार ताईंच्या कार्यालयात मी स्वीय सहायक म्हणून रुजू झालो तेव्हा जुलै सुरू होता. पहिल्याच आठवड्यात वहीच्या पानावर लिहिलेलं एक पत्र आलं. गावाजवळच्या ओढ्यावर फरशी, म्हणजे पात्रालगतचा ठेंगणा रस्ता आहे, पाऊस लागला की तिच्यावरून पाणी जातं, शाळेची पोरं दोन-दोन दिवस घरीच बसतात, मागच्या वर्षी एका अडलेल्या बाईला ट्रॅक्टरवर बसवून पलीकडे न्यावं लागलं. पूल करून द्यावा. खाली ११ सह्या आणि ३ अंगठे. हे काम झालंच पाहिजे, असं मी तेव्हाच मनात धरलं होतं. त्याला किती उंबरे झिजवावे लागतात हे मात्र माहीत नव्हतं.

आमदार सभागृहात उभे राहून जोरात बोलले की निधी मिळतो, असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. ताईंनी एकदा गाडीत समजावून सांगितलं, "अरे, सभागृहात मला एक रुपया वाढवता येत नाही. फक्त कमी करता येतो." मग मी राज्यघटनेचं कलम २०३ वाचलं. विधानसभा अनुदानाची मागणी, म्हणजे खात्याला खर्चासाठी लागणाऱ्या पैशांची मागणी, मंजूर करते, नाकारते किंवा तिची रक्कम घटवते, आणि मुळात मागणी मांडली जाते ती राज्यपालांच्या शिफारशीनं. म्हणून तर कपात सूचना असते. एखाद्या खात्याच्या कारभाराकडे लक्ष वेधायचं असेल तर 'मागणी १०० रुपयांनी कमी करावी' असं लिहून द्यायचं आणि त्या निमित्तानं बोलायचं. म्हणजे नवं काम आत घालायचं तर ते अर्थसंकल्पाचं पुस्तक छापायला जाण्याआधीच घालावं लागतं. मार्चमध्ये अर्थमंत्री भाषणाला उभे राहतात तेव्हा उशीर झालेला असतो.

नोव्हेंबरमध्ये आम्ही मतदारसंघातली सगळी पत्रं काढून बसलो. दोनशेच्या वर होती. बांधकाम खात्याकडे द्यायची यादी पंधरा कामांची करायची होती. कोणाचं नाव ठेवायचं आणि कोणाचं काढायचं, हे ठरवताना हात जड होतो. प्रत्येक कागदामागे माणसं असतात आणि त्यातली निम्मी तुम्हाला तोंडओळखीनं माहीत असतात. ताईंनी फरशीचं काम तिसऱ्या क्रमांकावर लिहिलं.

यादी घेऊन मी उपअभियंत्यांकडे गेलो. त्यांनी नकाशा उघडला, बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा ग्रामीण मार्ग आहे. आमच्याकडे येतच नाही."

इथे माझं सगळं गणित चुकलं. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. बांधकाम खात्याच्या पुस्तकात जिल्हा परिषदेच्या रस्त्यावरचा पूल बसत नाही. जिल्हा परिषदेला जिल्हा नियोजन समितीतून ३०५४ आणि ५०५४ या लेखाशीर्षांखाली, म्हणजे रस्त्यांच्या खर्चाच्या खात्यांखाली, पैसे मिळतात, पण ते अख्ख्या जिल्ह्यात वाटायचे असतात. पुलाचा अंदाज निघाला पावणेदोन कोटींचा. आमदार निधी २०२२ पासून वर्षाला ५ कोटी आहे खरा, पण त्यातला तिसरा हिस्सा एकाच ओढ्यात घातला तर बाकीच्या गावांना काय सांगायचं? ताई यावर रात्रभर विचार करून सकाळी म्हणाल्या, "रस्त्याची दर्जोन्नती करून घेऊ, म्हणजे तो वरच्या वर्गात जाऊन बांधकाम खात्याकडे येईल. वेळ लागेल, पण मग पुलाचा रस्ता मोकळा होईल."

तो मार्च आमच्या हातातून गेला. पंधरातली सहा कामं आली, फरशी नव्हती. गावात जाऊन सांगताना पत्र लिहिणारे काका एवढंच म्हणाले, "म्हणजे अजून एक पावसाळा." त्या शब्दांनी मला फार लागलं.

दर्जोन्नतीला काय लागतं, तर रस्त्याची लांबी, तो कोणकोणत्या गावांना जोडतो, वर्दळीची मोजणी, नकाशा आणि जिल्हा परिषदेचा ठराव. आमच्याकडे जिल्हा परिषदेची मुदत संपून प्रशासक होते, त्यामुळे ठराव प्रशासकांचा. प्रस्ताव एकदा परत आला, कारण नकाशावर दोन ठिकाणी लांबी वेगळी होती, ४.८ आणि ५.१ किलोमीटर. मी शाखा अभियंत्यांबरोबर मोटारसायकलवर जाऊन पुन्हा मोजून घेतली. मंत्रालयात दुपारी पास काढून किती फेऱ्या झाल्या ते आता मोजत नाही. ज्याला असं काम करून घ्यायचं असेल त्यानं सगळ्यात आधी एकच विचारावं: रस्ता कोणाचा? मी हे पहिल्या दिवशी विचारलं असतं तर आमचे चार महिने वाचले असते.

ऑक्टोबरमध्ये शासन निर्णय निघाला आणि आमचा रस्ता प्रमुख जिल्हा मार्ग झाला. त्याच आठवड्यात ताईंनी पुरवणी मागण्यांसाठी, म्हणजे अर्थसंकल्पानंतर वर्षाच्या मध्येच मांडल्या जाणाऱ्या जादा खर्चाच्या मागण्यांसाठी, पत्र दिलं.

डिसेंबरचं अधिवेशन नागपूरला. पुरवणी मागण्यांची पुस्तकं सभागृहात मांडली गेली. संध्याकाळी आमदार निवासातल्या खोलीत आमच्या जिल्ह्याची पानं उघडून मी पट्टी ठेवून ओळ ओळ वाचत गेलो. जिल्हा, तालुका, मग 'किमी ४/२०० मध्ये लहान पुलाचे बांधकाम करणे'. पुढच्या रकान्यात अंदाजित किंमत, त्याच्या पुढे या वर्षाची तरतूद. तरतूद फारच लहान होती, किमतीच्या मानानं सुरुवात करण्यापुरती. पण ओळ होती. मी ती पेन्सिलीनं अधोरेखित केली आणि ताईंना दाखवली. ताईंनी चष्मा लावून दोनदा वाचली. मागण्यांवर मतदान झालं, तिजोरीतून तो पैसा काढायला परवानगी देणारं विनियोजन विधेयक संमत झालं.

त्यानंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा. यात मे उजाडला. कार्यारंभ आदेशाची प्रत हातात पडली त्या संध्याकाळी मी काकांना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, "यंदाच्या पाण्याआधी होईल का?"

मी खोटं बोललो नाही. पाया काढतील, पण पूल उभा राहायला पुढचा उन्हाळा लागेल, असं सांगितलं. आणि उरलेल्या पैशांची मागणी पुढच्या अर्थसंकल्पासाठी आत्ताच लिहून ठेवलीय, हेही सांगितलं.

थोडा वेळ फोन शांत होता. मग म्हणाले, "पाया काढायला येतील तेव्हा ओढ्यावर चहा आमचा. ताईंना घेऊन या."