सोनाराच्या काट्यावर स्कूटरचे रोलर

शिरगावातून निघायचं, आरे-वारेच्या रस्त्याने नेवरे गाठायचं आणि तिथून पुढे गणपतीपुळ्यात दोन ठिकाणी पर्यटकांची जेवणं पोचवायची, हे माझं गेली चार वर्षं चाललंय. गाडी 110ची स्कूटर. पायाशी मोठा डबा, मागे क्रेट. भात, आमटी, सुरमईचं कालवण, सोलकढी धरून 35 किलोच्या घरात. आरे-वारेला लोक गाड्या थांबवून समुद्र बघतात. माझं लक्ष पुढच्या चढाआधी वेग कसा धरून ठेवायचा याच्यात. समुद्र चार वर्षांत नीट पाहिला असेल तर शपथ.

गेल्या मार्चमध्ये गाडी चढात बसायला लागली. मूठ पूर्ण पिळली तरी काटा 22च्या वर जाईना, आणि मधेच एक गचका द्यायची. प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला. एका गॅरेजवाल्याने तर इंजिनचं काम काढावं लागेल म्हणून सांगितलं. आंब्याचा मोसम तोंडावर, बुकिंगं लागलेली, आणि गाडी चार दिवस खोलून ठेवायची? मी ती तशीच उचलून दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्याने इंजिनला हातच लावला नाही. डावीकडचं कव्हर काढलं, बेल्टची पुढची पुली सोडवली आणि तिच्या आतले सहा रोलर, म्हणजे छोटी गोल वजनं, माझ्या तळहातावर ठेवले. "वैनी, हे गोल दिसतात काय तुम्हाला?"

दिसत नव्हते. बाजूने बघितलं तर प्रत्येकाला एक सपाट कड पडलेली. आत जांभ्याची लाल धूळ आणि बेल्टची काळी भुकटी मिळून मिसरीसारखं काहीतरी साचलं होतं.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की गिअर नसलेल्या गाडीलाही गिअर असतो, फक्त तो पट्ट्याचा असतो. इंजिनचे फेरे वाढले की रोलर बाहेर फेकले जातात, पुलीच्या आतल्या तिरक्या रॅम्पवर चढून तिची सरकती बाजू दाबतात, आणि बेल्ट पुढच्या पुलीवर वर सरकतो, मागच्या पुलीत खाली उतरतो. म्हणजे वरचा गिअर पडला. रोलर जड असतील तर हे लवकर, कमी फेऱ्यांवर होतं. हलके असतील तर इंजिन जास्त फिरल्यावर. सपाट झालेला रोलर मात्र घरंगळतच नाही, अडकत अडकत घसरतो. तोच माझा गचका.

कंपनीचे रोलर 15 ग्रॅमचे होते. मिस्त्री तेच नवे घालत होता, पण दुकानात कोणीतरी म्हणालं, घाटीसाठी 11चे घाला, गाडी उडेल. मला उडायचंच होतं. घातले.

पहिल्या दिवशी काय पिकअप! शिरगावच्या नाक्यावर मागचा रिक्षावाला बघत राहिला. पण सड्यावर सपाट रस्त्याला 50च्या वेगातही इंजिन किंचाळत होतं, आणि आठवड्याभरात पेट्रोल बोलायला लागलं: 44चं ॲव्हरेज 37वर. तरी मी मनाला समजावत होते की चढाला तरी फायदा आहे. मग एकदा चढाच्या माथ्यावर काटा बघितला, रोजच्याच वजनाला. 31. आवाजावरून मला 40 वाटत होते.

तिथे माझी खरी गोची झाली, कारण आता काय घालायचं हे कोणी ठामपणे सांगेना. माझा भाचा डिप्लोमाला आहे. त्याने वहीच्या मागच्या पानावर गणित करून दिलं: रोलरचा जोर वजनाबरोबर वाढतो, पण फेऱ्यांच्या वर्गाबरोबर वाढतो, म्हणून 15चे 13 केले तर फेरे साधारण 7 टक्के वाढतील आणि 11 केले तर 17. इंजिनची खरी ताकद ज्या फेऱ्यांवर आहे ती हद्द 11ने ओलांडली असणार, असं त्याचं म्हणणं. "मामी, ओरडणं म्हणजे ओढणं नाही." बोलायला लागलेत हल्ली.

13चे मागवले. ते आले तेव्हा हातात जरा कमी-जास्त वाटले, म्हणून घेऊन गेले सोनारकाकांकडे. काका चष्म्यातून बघत म्हणाले, "सोनं सोडून आता हे?" पाच रोलर 12.9 ते 13.1मध्ये, एक 12.3. तो परत देऊन दुसरा आणला. एक हलका असला की पुली एका बाजूला थरथरते, आणि ती थरथर मग बेल्ट खातो. जुने सहाही तोलून बघितले: झिजून 14.1 ते 14.7, एकाचाही दुसऱ्याशी मेळ नाही.

बसवताना मिस्त्रीने केलेल्या दोन गोष्टी मी लक्षात ठेवल्या आहेत. एक, रोलर फिरतात ती जागा कोरडी पुसली, ग्रीस अजिबात नाही. माझ्या गाडीत ती कोरडीच ठेवायची असते. दुसरी, नट आवळण्याआधी बेल्ट मागच्या पुलीत आत दाबून पुढे सैल सोडला. तो पुढे दोन बाजूंच्या मधे चेपला गेला तर नट आवळल्यासारखा वाटतो आणि दोन किलोमीटरवर ढिला होतो. पुढच्या पुलीवर त्याने मार्करने आडव्या रेघाही मारल्या. दोन दिवसांनी उघडलं तेव्हा रेघ जिथपर्यंत पुसली गेली होती, तिथपर्यंत बेल्ट चढला होता. 11च्या वेळी वरची बोटभर शाई तशीच राहिली होती. 13ला रेघ कडेजवळपर्यंत पुसली गेली.

त्याच चढाला, तेवढ्याच वजनाला, माथ्यावर 34. सपाटीला आवाज सुसह्य, ॲव्हरेज 42. मधे एकदा 13 आणि 15 आलटून पालटून तीन-तीन घातले होते, सरासरी 14 पडते; रिकाम्या गाडीला ते फार सुरेख चालतात, पण भरलेल्या डब्यांना पुन्हा जड. त्यामुळे मोसमभर 13च राहिले. आता दर पाच हजार किलोमीटरला कव्हर काढून धूळ झाडून घेते.

पावसाळ्यात जेवणं निम्म्यावर येतात. तेव्हा ते मिश्र सहा परत घालावेत असं वाटतं, पण मिस्त्री उघडझाकीचे 250 घेतो, आणि जुलैत 250 म्हणजे दोन दिवसांचे मासे. 11चे सहा रोलर मसाल्याच्या रिकाम्या डब्यात आहेत. धाकटी त्यांना सागरगोट्यांसारखी उडवते.