मामाच्या वंशावळीत न मावलेला गोरा

माझं गावात ई-सेवा केंद्र आहे, म्हणजे लोकांच्या वंशावळी टाइप करणं हाच माझा धंदा म्हणा ना. जात पडताळणीचा सीझन आला की दारात रांग लागते, कोणाच्या पोट्ट्याची इंजिनिअरिंगची अ‍ॅडमिशन अडकलेली असते, कोणाला सरपंचकीला उभं राहायचं असतं, अन् सगळ्यांना एकच पाहिजे, आजा-पणज्याची कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची नक्कल आणि प्रतिज्ञापत्रावर वंशावळ. बाप, त्याचा बाप, त्याचा बाप. हे इतक्यांदा केलंय की झोपेतही झाड काढून देईन. पण स्वतःच्या आईच्या माहेरचं झाड काढायला बसले तर ते हिंगणघाटवरून निघालं ते थेट स्कॉटलंडमधल्या पेस्ली नावाच्या शहरात जाऊन पोचलं, आणि ते मी एकटीनं नाही काढलं, ज्यांना मी जन्मात भेटले नाही अशा लांबच्या लांब नातेवाइकांनी काढून दिलं.

तर आमच्या मोठ्या मावशीचे डोळे घारे आहेत. आईचे नाहीत, मामाचे नाहीत, फक्त तिचेच. गावात म्हातारी माणसं हळूच बोलायची की आमच्या आजोबांची आई म्हणजे जिनवाल्या सायबाची पोरगी होती. घरात कोणी हा विषय काढला की आजी पान लावायला घ्यायची, मग ते सुपारी कातरणं, चुना शोधणं, तोवर विषय निघून जायचा. तेवढीच माहिती. नाव नाही, गाव नाही, कोणता सायब काही नाही.

सायब इकडं कसा आला ते मात्र आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, मग त्यांचा डोळा वऱ्हाडावर आणि आपल्या हिंगणघाटच्या कापसावर पडला. १८६७ ला रेल्वे नागपूरपर्यंत आली, आणि मग कापसातली सरकी काढायचे जिन आणि गाठी बांधायचे प्रेस निघत गेले. जिन म्हणजे वाफेचं इंजिन, बॉयलर, पट्टे, अन् ते बिघडलं की दुरुस्त करणारा फिटर, तो सुरुवातीला बाहेरूनच यायचा. नागपूरकडे स्कॉटलंडचा माणूस म्हटलं की सगळ्यांना हिस्लॉप कॉलेजवाले स्टीफन हिस्लॉप आठवतात, १८४५ ला मिशनरी म्हणून आले, दगड-जीवाश्म गोळा करत फिरले, आणि १८६३ ला टाकळघाटची दगडांची वर्तुळं पाहून परतताना नदीच्या पुरात गेले. त्यांच्यावर पानंच्या पानं सापडतात. जिनमधल्या फिटरवर कोण लिहिणार?

आता मावशी तिच्या सुनेच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेली होती. तिथं सुनेनं हौसेनं तिला एका नळीत थुंकायला लावलं, मावशीला वाटलं शुगरची टेस्ट असेल, तिनं विचारलंही नाही. काही आठवड्यांनी रिपोर्ट आला, बाकी सगळं हिंदुस्थानचं आणि आठव्या हिश्शाच्या आसपास स्कॉटलंड. आठवा हिस्सा म्हणजे हिशेब सरळ आहे, पणजोबा. मावशीनं फोनवर सांगितलं ते असं, "अवं, म्या तं फकस्त थुकली, त्यायनं माह्या थुकीतून सायब काढला नं बाप्पा!"

रिपोर्टसोबत मॅचची लिस्ट येते. ज्यांनी ज्यांनी त्याच कंपनीत टेस्ट केली त्यांच्यात आणि तुमच्यात डीएनएचे किती तुकडे सारखे ते सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात. मावशीच्या लिस्टमध्ये वरच न्यूझीलंडच्या डुनेडिनची एक बाई होती, साठेक सेंटिमॉर्गन. एवढ्यावर अंदाज येतो की पणज्या-पणजोबाच्या पिढीतले भावंडं असतील, म्हणजे त्या दोघी तिसऱ्या पिढीच्या चुलत बहिणी. यात एक गोष्ट लक्षात ठेवा, टेस्ट करायचीच असेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची करा, कारण दर पिढीला हे अर्धं-अर्धं होत जातं. तिसऱ्या पिढीच्या चुलत भावंडांत दहातल्या एकाचा काही जुळतच नाही, चौथ्या पिढीत तर निम्म्यांचं नाही. माझी टेस्ट केली असती तर कदाचित ही बाई दिसलीच नसती. आणि हो, हा डेटा आहे, २०२३ ला अशाच एका मोठ्या कंपनीतून लाखो लोकांची माहिती चोरीला गेली होती, तेव्हा समजून-उमजून करा.

मी त्या बाईंना मेसेज टाकला, भीतभीतच, म्हटलं ह्यांना वाटायचं प्रॉपर्टी मागायला आली. दुसऱ्या दिवशी एवढं मोठं उत्तर. रिटायर्ड नर्स आहेत, सत्तरी पार. आईच्या नात्यानं मावशीच लागतात म्हणून मी त्यांना डुनेडिनवाली मावशी म्हणते, त्यांना ते फार आवडलं. त्यांच्या झाडात पणजोबाच्या धाकट्या भावापुढं फक्त "इंडियाला गेला" एवढंच होतं आणि पुढं रेघ. त्यांच्याकडं आणखी दोघं होते, कॅनडाचे एक काका, आणि एक पेस्लीतच राहणारा माणूस जो सुट्टीच्या दिवशी कब्रस्तानात जाऊन फोटो काढतो. चौघांचा ग्रुप झाला. आडनाव मी इथं लिहीत नाही, जिवंत माणसं आहेत, एवढंच सांगते की मॅकवालं आहे, आणि ते कधी एमसी, कधी एमएसी असं लिहिलेलं असतं म्हणून सर्च करताना अर्धं नाव टाकून पुढं चांदणी (*) मारायची.

स्कॉटलंडचं रेकॉर्ड पाहून मी, जिनं तहसीलच्या रेकॉर्ड रूमचे चकरा मारण्यात चपला झिजवल्या, ती गारच पडले. स्कॉटलंड्सपीपल नावाची सरकारी साइट आहे, नाव शोधणं फुकट, पान उघडून पाहायचं तर क्रेडिट घ्यावे लागतात. जन्माची पानं शंभर वर्षं, लग्नाची पंच्याहत्तर आणि मृत्यूची पन्नास वर्षं उलटल्याशिवाय ऑनलाइन दिसत नाहीत. १ जानेवारी १८५५ पासून तिथं सरकारी नोंदणी सक्तीची झाली, त्याआधी चर्चची रजिस्टरं, त्यातलं सगळ्यात जुनं १५५३ चं. आता गंमत अशी की डुनेडिनवाल्या मावशीचे पणजोबा जन्मले नेमके १८५५ ला. त्या पहिल्या वर्षी सरकारनं एवढं विचारून घेतलं की बस, आईबापाचं वय, जन्मगाव, लग्न कधी, कुठं, आधीची पोरं किती. नोंद करणारे कारकून कावले आणि पुढच्या वर्षीपासून बरेच कॉलम काढून टाकले. आमचा सायब सहा-सात वर्षांनी झाला, तोवर आईबापाच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण परत लिहायला लागले होते. दोन्ही भावांच्या नोंदीत लग्न एकच, तारीख तीच, म्हणजे पक्के सख्खे भाऊ.

हे पक्कं करणं काहून लागलं तर नावांमुळं. तिकडं रीत अशी होती की पहिला पोरगा बापाच्या बापाचं नाव, दुसरा आईच्या बापाचं, तिसरा बापाचं, पहिली पोरगी आईच्या आईचं, दुसरी बापाच्या आईचं. आपल्याकडंही आज्याचं नाव नातवाला ठेवतातच, पण यांनी नियमच केला. मग चार भावांना पोरं झाली की चौघांच्याही पहिल्या पोराचं नाव एकच, आडनाव एकच, गाव एकच, वयही आगेमागे. पेस्लीच्या १८८१ च्या जनगणनेत आमच्या सायबाच्या नावाचे असे बरेच निघाले. कॅनडावाले काका म्हणे हा, मी म्हणे तो. शेवटी वेगळं काढता आलं ते आईच्या माहेरच्या आडनावावरून.

आणि इथं मी थांबले. तिकडं जन्माच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं, लग्नाच्या नोंदीत दोघांच्या आयांचं, आणि मेल्यावरसुद्धा, म्हातारी सत्तर वर्षाची होऊन नवऱ्याच्या घरी मेली तरी तिच्या मृत्यूच्या नोंदीत तिच्या आईचं माहेरचं आडनाव. कबरीच्या दगडावरही बायको माहेरच्या आडनावानं. त्यामुळं झाड बायकांकडूनही वर चढत जातं. सायबाची आई मल बेटावरची निघाली, १८४६ ला बटाट्याचं पीक सडलं तेव्हा पश्चिमेच्या बेटांवरचे लोक पोटासाठी खालच्या शहरांकडं गेले त्यात तिचं कुटुंब असावं असा काकांचा तर्क आहे. ती पेस्लीत सुताच्या गिरणीत कामाला. तिच्या आईचं नाव मिळालं, आजीचं मिळालं, मग बेटावरच्या रजिस्टरांत खंड आहे, तिथं गाडी अडली. बापाकडंही एक खड्डा आहे, १८४३ ला तिकडच्या चर्चमध्ये फूट पडली, फ्री चर्च निघालं, हिस्लॉप त्याच फ्री चर्चचे, तर तिकडं गेलेल्यांचे बाप्तिस्मे जुन्या रजिस्टरांत सापडत नाहीत.

बाप विणकर होता, शालींचा. पेस्लीत काश्मिरी शालींची नक्कल करून कोयरीच्या शाली विणायचे, अर्ध्या युरोपात विकायचे. १८७० च्या आसपास फॅशन पडली आणि हातमागवाले रस्त्यावर आले. जनगणनेच्या कागदावर एक कॉलम आहे, खिडकी असलेल्या खोल्या किती. यांच्या घरापुढं लिहिलंय एक. माणसं आठ. पेस्लीवाल्या माणसानं त्या गल्लीचा आजचा फोटो पाठवला, पार्किंग आहे तिथं आता. तर सायब सायब म्हणून आमच्याकडं ज्याची दबक्या आवाजात चर्चा, तो एका खोलीत आठ माणसांत वाढलेला, धंदा बुडालेल्या विणकराचा फिटर झालेला पोरगा होता. मावशीला हे सांगितलं तर ती जरा नाराजच झाली, तिच्या मनात बंगला होता.

इंडियातलं डुनेडिनवाल्या मावशीनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या नोंदींतून काढलं, तिथं इकडच्या गोऱ्यांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या प्रती पाठवलेल्या असायच्या. सायबाचं दफन सापडलं, नागपूर, वय चाळिशीच्या आत, इंजिन फिटर, कॉलरा. लग्न नाही. पोरीचा बाप्तिस्मा नाही. बाईचा उल्लेख तर कुठंच नाही. कबर आम्ही शोधली, नाही मिळाली, अशा माणसावर दगड कोण बसवणार.

मग माझी पाळी. डुनेडिनवाली मावशी म्हणाली, आता तू तुझ्याकडचं रेकॉर्ड पाहा, त्या बाईचं नाव काय होतं? मी मामाकडं गेले, कारण मामाच्या पोराची पडताळणी झालीय, वंशावळ तयार आहे. मामा पहिले घाबरला. "काहून बे त्या गोऱ्याच्या मांगं लागली? पोट्ट्याच्या सर्टिफिकेटचा लोचा करशील." मी वंशावळ उघडून दाखवली. मामा, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. सगळे पुरुष. आजोबांच्या आईचं त्यात नावच नाही, तर तिच्या आईचं कुठून येईल अन् गोऱ्याचा लोचा कुठून होईल. मामा खूश झाला, म्हणे "मंग बरं हाय." मला काही बरं वाटलं नाही. हजारो वंशावळी मीच टाइप केल्या आहेत अशा, कोणत्याही कॉलमात बाई नाही, आणि एकदाही मला खटकलं नव्हतं कारण फॉर्मच तसा. पाचेक हजार मैलांवरच्या बेटावर दोनशे वर्षांआधी जन्मलेल्या माझ्या खापर-खापर आजीचं माहेर मला माहीत आहे, आणि जी हिंगणघाटच्या जिनमध्ये कापूस वेचत होती, जिच्या पोटी आमची पणजी झाली, तिचं नावही नाही.

तर आता कोतवाल बुकाकडं वळलोय. एरवी त्यात पोरगा झाला, पोरगी झाली, बापाचं नाव अमुक असंच लिहिलेलं असतं. पण लग्नाचा नवरा नसलेल्या बाईचं मूल असेल तर कोतवालाला आईचंच नाव लिहावं लागलं असेल, माझी आशा त्याच्यावर आहे. सगळ्यात जुनी पानं मोडीत आहेत, काही वाळवीनं खाल्लेली. वर्ध्याचे एक रिटायर्ड गुरुजी मोडी वाचतात, त्यांना फोटो पाठवलेत, ते कापसाच्या वेचणीतून मोकळे झाले की बघतो म्हणाले. डुनेडिनवाली मावशी दर रविवारी विचारते, गुरुजींची वेचणी झाली का म्हणून, तिला आता वेचणी म्हणजे काय हे पक्कं माहीत झालंय.

हिंगणघाट, समुद्रपूर, वडनेरकडचं कोणी वाचत असेल तर, तुमच्या घरी जुन्या जिनच्या हजेरीची वही, चिठ्ठी, मजुरांचा ग्रुप फोटो असं काही पडलं असेल तर रद्दीत देऊ नका, आधी मला दाखवा. बायकांची हजेरी वेगळी लावायचे असं एका म्हाताऱ्या मुकादमाच्या नातवानं सांगितलंय, अशी एखादी वही असेल तर तिच्यावर चहा-पोह्यासकट माझा दावा.