तुम्ही विचारलंत म्हणून: राम कुमारांच्या चित्रात काशी आहे कुठे?

चित्रकार राम कुमारांची बनारसची चित्रं मला अतिशय प्रिय आहेत, हे ज्यांना ठाऊक आहे ते हमखास विचारतात, "यात काशी आहे कुठे? ना घाट, ना देऊळ, ना माणूस. नुसते रंगाचे तुकडे." तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माणसाचं आधी घेऊ, कारण खरी मेख तिथेच आहे. राम कुमार मुळात माणसांचेच चित्रकार. जन्म शिमल्याचा, १९२४ चा. दिल्लीत अर्थशास्त्र शिकले, बँकेत लागले, ती नोकरी सोडून पॅरिसला आंद्रे ल्होत आणि फर्नांद लेजे यांच्याकडे चित्रकला शिकले. हिंदीत कथाही लिहीत. हिंदी लेखक निर्मल वर्मा त्यांचे धाकटे भाऊ. १९५० च्या दशकातल्या त्यांच्या चित्रांत शहरात हरवलेली मध्यमवर्गीय माणसं दिसतात, खिन्न चेहऱ्यांची, मागे दाटीवाटीने उभी घरं. १९६० च्या सुमारास ते चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्याबरोबर बनारसला गेले. जिथे पाय ठेवायला जागा नसते अशा त्या गावात पोचल्यावर त्यांच्या चित्रातला माणूस नाहीसा होत गेला.

मला यात विसंगती दिसत नाही. मणिकर्णिका घाटावर रात्रंदिवस चिता जळतात. तिथला एखादा चेहरा रंगवायला घेतला की चित्र त्या माणसाची गोष्ट सांगू लागतं. गोष्टी सांगायला राम कुमारांकडे त्यांच्या कथा होत्या. चित्रातून त्यांना गावाचं ओझं दाखवायचं होतं, असं मला वाटतं.

आता घाट. काशीपाशी गंगा उत्तरेकडे वाहते आणि जुनं गाव एकट्या पश्चिम काठावर आहे. नावेतून बघाल तर एका बाजूला पायऱ्या, वाडे, देवळं एकावर एक चढलेली आणि समोरच्या काठावर फक्त वाळू. पावसाळ्यात तीही पाण्याखाली जाते. गच्च भरलेली एक बाजू आणि उघडी पडलेली दुसरी, हा ताण त्यांच्या कॅनव्हासवर सतत जाणवतो. सुरुवातीच्या चित्रांत राखाडी, मातकट, काळे रंग. घरांचे चौकोन एकमेकांना खेटलेले, खिडक्या म्हणजे काळी भोकं. पुढे भिंतींच्या कडा सुटतात, घरं विरघळतात आणि उरतात ते तिरके सरकणारे रंगाचे पट्टे.

पूर ओसरल्यावरचे घाट ज्यांनी पाहिलेत त्यांना हे पट्टे परके वाटणार नाहीत. पायऱ्या जाड गाळाखाली गेलेल्या असतात, पंपाने पाणी मारून तो गाळ काढावा लागतो. तोवर कुठली पायरी कुठल्या घाटाची, काही कळत नाही. आपण मराठी माणसं काशीला अहिल्याबाईंची, शिंदे घाटाची, भोसले घाटाची म्हणून ओळखतो. राम कुमारांनी ही सगळी नावं पुसली, म्हणून आपल्याला चुकल्यासारखं होतं.

त्यांची नंतरची निळी-हिरवी चित्रं देखणी आहेत, पण मला ती कमी भिडतात. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी साठच्या दशकातल्या राखाडी चित्रांपासून करावी. समोर उभं राहिल्यावर घाट शोधू नका. गर्दी कुठे संपते आणि मोकळी जागा कुठे सुरू होते, ते आधी बघा. नदी बहुधा तिथेच सापडते.