एकशेएकोणीसातले एकोणीस

युरोपहून येऊन आता बरेच दिवस झाले, पण घरी कुणी आलं की हे अजून एकच गोष्ट सांगतात : रोमच्या विमानतळावर २४ युरो कसे वसूल केले. आयफेल टॉवर, आल्प्स, व्हेनिसचं पाणी, सगळं मागाहून येतं. कधीकधी येतही नाही.

मूळ दोष माझ्या वन्संचा. आम्ही निघायच्या आठवडाभर आधी त्यांचा फोन आला. "दादाला सांग, खरेदी लंडनला करा. विमानतळावर कर परत देतात." त्यांना २०१५ साली मिळाला होता. ब्रिटनने १ जानेवारी २०२१ पासून ती सोय बंद केली (उत्तर आयर्लंड तेवढं सोडलं) आणि आमच्या सहलीत लंडन नव्हतंच. पण 'परत देतात' हे दोन शब्द ह्यांच्या कानात पडले ते पडलेच. छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस तो. परत मिळणारा पैसा मिळवायचा राहिला, तर ह्यांना झोप लागत नाही.

निघेपर्यंत ह्यांनी सगळा अभ्यास करून ठेवला. करामागचा विचार तसा सरळ आहे. परत मिळतो तो मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट; हा वस्तू वापरण्यावरचा कर. फ्रान्समध्ये मोरिस लोरे नावाच्या अधिकाऱ्याने तो १९५४ साली सुरू केला आणि तिथून तो जगभर गेला. आता पाहुण्याने वस्तू घेतली, पण वापरणार ठाण्यात, तर त्यावर फ्रान्सने कर का घ्यावा? म्हणून परत. अट अशी की खरेदीच्या महिन्यानंतर तीन महिन्यांच्या आत वस्तू युरोपियन युनियनच्या बाहेर गेली पाहिजे आणि जाताना ती न वापरलेली असली पाहिजे. ही 'न वापरलेली'ची अट मी तेव्हा फारशी मनावर घेतली नव्हती.

"आपल्याकडे आहे का हो असं?" मी विचारलं.

"कायद्यात आहे. आयजीएसटी कायद्याचं कलम १५, २०१७ पासून." मग जरा थांबून म्हणाले, "कलम आहे. काउंटर नाही." आम्ही गेलो त्या २०२४ च्या मे महिन्यात मुंबईच्या विमानतळावर तो खरंच नव्हता. येवल्यात पैठणी घेतलेली एखादी फ्रेंच बाई आपले पाच टक्के ठेवूनच परत गेली असणार, असा विचार मला उगाच आला.

पहिला प्रयोग पॅरिसला. अत्तराच्या दुकानात माझी, सुनेची आणि वन्संची मिळून बाटल्यांची बेरीज ८४ युरो झाली. फ्रान्समध्ये एका दुकानात शंभराच्या वर गेल्याशिवाय परताव्याचा कागद मिळत नाही. हे बिलाकडे पाहत राहिले. मग शेल्फकडे. जी व्यक्ती घरी साबणाच्या वडीचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवते, तिने २२ युरोंची चौथी बाटली उचलून काउंटरवर ठेवली. १०६ युरोंवर परत मिळणार होते बारा-साडेबारा. म्हणजे बारा मिळवायला बावीस घातले. हे मी बोलून दाखवलं नाही. सहल अजून दहा दिवस चालायची होती.

दुसरा कागद टिटिझेचा. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधलं हे तळ्याकाठचं गाव आणि तिथली कोकिळेची घड्याळं सहलीला गेलेल्या बहुतेक मराठी घरांना ठाऊक असतात. लाकडी घरटं, खाली पाइनच्या फळाच्या आकाराची दोन वजनं लोंबताहेत, तास भरला की दार उघडून पक्षी बाहेर येतो. आतल्या दोन छोट्या भात्यांतून कुकू असा आवाज निघतो; बॅटरी-बिटरी काही नाही. मला ते फार आवडलं. १७८ युरो. एरवी ह्यांनी दुकानाबाहेरच थांबणं पसंत केलं असतं, पण कर परत मिळणार म्हटल्यावर आत आले.

"जर्मनीत १९ टक्के," मी म्हटलं, "म्हणजे चौतीसेक युरो परत."

"अगं, असं नसतं. १७८ मध्ये कर धरलेलाच आहे. ११९ मधले १९ काढायचे." खिशातून पेन्सिल निघाली, पाकिटाच्या पाठीवर भागाकार झाला. २८ युरो ४२ सेंट. मग दुकानदाराने कागद दिला, त्यावर परताव्याची रक्कम होती १९. मधले नऊ-साडेनऊ युरो, कागद फिरवणाऱ्या मध्यस्थ कंपनीचे. ह्यांनी तो आकडा असा पाहिला, जणू कुणीतरी खात्यातून न विचारता चेकबुकाचे पैसे कापलेत.

बस स्वित्झर्लंडकडे निघाली तेव्हा आमच्या टूर मॅनेजरने सांगितलेली गोष्ट मात्र ह्यांना उभारी देऊन गेली. स्विस लोक आठवड्याचं दूध-मटण आणायला सीमेपलीकडे जर्मनीत, कॉन्स्टान्झसारख्या गावात जातात आणि परतताना हिरव्या चिठ्ठ्यांवर जर्मन कस्टमचे शिक्के मारून कर परत घेतात. चिठ्ठ्यांचा इतका ढीग व्हायला लागला की जर्मनीने २०२० पासून ५० युरोंच्या वरच्या बिलालाच परतावा ठेवला. "बघ," हे मला म्हणाले, "ज्यांच्या बँकांत जगाचे पैसे, तीही माणसं दुधावरच्या करासाठी रांगेत उभी राहतात." त्या दिवसापासून ह्यांची मान जरा ताठ झाली. स्वित्झर्लंडमध्ये ३०० फ्रँकच्या खाली परतावा नाही. आमची सगळी खरेदी म्हणजे एक चाकू आणि चॉकलेटं, तेव्हा तिथे शांतता लाभली.

इटलीत घेतलं काहीच नाही, पण हे खूश होते ते एका आकड्यावर. तिथली परताव्यासाठीच्या किमान खरेदीची मर्यादा २०२४ च्या फेब्रुवारीत ७० युरोंवर आली. त्याआधी ती होती १५४ युरो ९४ सेंट. असला विचित्र आकडा का? कारण ती जुन्या तीन लाख लिऱ्यांची मर्यादा होती आणि युरो आल्यावर कुणी ती पूर्णांकात आणायची तसदी घेतली नाही. चलन मेलं तरी वीसेक वर्षं त्याचा हिशेब जिवंत राहिला. ह्यांना त्यात कोलोसियमपेक्षा जास्त इतिहास दिसला.

आता माझा गुन्हा सांगते. व्हेनिसला शेवटच्या संध्याकाळी ऊन उतरलं होतं, पाण्यावर केशरी उजेड पसरला होता आणि आमच्या गटातल्या सगळ्या बायका नटून निघाल्या होत्या. मी पॅरिसची एक बाटली फोडली. दोनदाच मारलं, मनगटावर आणि मानेला. ह्यांना वास आला, पण गोंडोलाचा असावा असं त्यांना वाटलं असणार.

फिउमिचिनोला, म्हणजे रोमच्या विमानतळावर, बाकीचे लोक चेक-इनला गेले आणि आम्ही दोघं कस्टमच्या खिडकीपुढे. सामान आत टाकायच्या आधी शिक्का घ्यायचा, कारण अधिकारी वस्तू बघायला मागू शकतो. इटलीतल्या खरेदीचं संगणकावर होतं, पण जर्मनी-फ्रान्सच्या कागदांना खरा शाईचा शिक्का लागतो. पुढे एक मोठं कुटुंब होतं, त्यांच्याकडे पिशव्या इतक्या की अधिकारी अर्धा तास त्यांच्यातच. "अहो, सोडा ना," मी म्हटलं. "विमान सुटेल."

"सोडू कसं? हक्काचे आहेत."

आमचा नंबर आला. अधिकाऱ्याने कागद पाहिला, बॅगेकडे बोट केलं. बॅगेला बाहेरून नाडी बांधलेली, ती सोडायला मिनिट गेलं. मग त्या संगमरवरी जमिनीवर उरलेला चिवडा, माझी दोन कॉटनची लुगडी, ह्यांचं बनियन आणि रक्तदाबाचं यंत्र असं एकेक आलं आणि तळाशी घड्याळाचं खोकं. चिकटपट्टीसुद्धा तशीच. त्याने मान हलवली. मग दुसऱ्या कागदाकडे वळला, परफ्यूम, चार. मी दोन पावलं मागे सरकले. खिडकीपुढे पुराव्याच्या वासानिशी उभी असल्यासारखं मला वाटत होतं, खरं तर चार दिवस उलटून गेले होते. त्याने मागे रांग केवढी आहे ते बघितलं आणि ठप्, ठप्, दोन शिक्के मारले.

त्या क्षणी मला ती अट पुरती कळली. युरोपात मी जे काही खरोखर उपभोगलं, म्हणजे टिटिझेच्या तळ्याकाठचा केक, हॉटेलची पांढरी उशी आणि त्या संध्याकाळचे अत्तराचे दोन फवारे, ते सगळं करपात्र. परतावा फक्त त्याचा, ज्याला मी हात लावला नव्हता.

रोख हवी की कार्डावर, असं पुढच्या खिडकीत विचारलं. रोख घेतली तर कागदामागे आणखी शुल्क. ह्यांनी रोखच घेतली. पैसे डोळ्यांनी पाहायचे होते. ३१ चे २४ झाले. सुरक्षा तपासणी करून आत पोचलो तेव्हा दोघांचे पाय गळून गेले होते, म्हणून दोन कापुचिनो, दोन सँडविच, पाण्याची बाटली घेतली, आणि उरलेल्याचं नातवासाठी चॉकलेट. कॉफीच्या बिलावर दहा टक्के कर होता. हे त्याकडे बराच वेळ पाहत होते.

"हा नाही परत मिळत," मी म्हटलं.

"ठाऊक आहे," हे म्हणाले आणि बिलाची घडी करून पाकिटात ठेवली.

घड्याळ अजून लागलेलं नाही. आधी सुनेचं बाळंतपण होतं, दर अर्ध्या तासाला कुकू नको म्हणून. मग सोसायटीत ड्रिल फक्त रविवारी दहा ते एक, आणि त्या वेळात ह्यांचं काही ना काही निघतं. शिवाय रोज साखळी ओढून वजनं वर करायची, ते कोण करणार? खोकं माळ्यावर आहे. पाहुणे आले की हे स्टुलावर चढून ते खाली काढतात, झाकण उघडून दाखवतात, गोष्ट पूर्ण झाली की पुन्हा होतं तसं बंद करतात. आतला कागदी भुसाही जागचा हललेला नाही. रोमच्या त्या अधिकाऱ्याला बोलावलं, तर तो आजही शिक्का मारील.